रुमालाखालची दाढ

सूर्यभान न्हाव्यानं अमरावतीतल्या निम्म्या पोरांना एकच थाप मारली होती. "तीन म्हनलं की ओढतो." आणि ओढायचा एकावर. दोन हा आकडा त्याच्या तोंडून कुणी ऐकलाच नाही, कारण तोवर पोरगं असं बोंबलायचं की बाजारातले बैल दावं तोडायचे.

पद्धत साधी. एक माणूस डोक्याला, एक हातांना, एक पायांवर बसवायचा. पोरानं तोंड उघडलं नाही तर नाक दाबायचं. मग जंबुराचा चिमटा दाढेला, मग झटका. दाढ मातीत, पोरगं मायच्या पदरात, आणि सूर्यभान पुढच्या गिऱ्हाईकाच्या हनुवटीला पाणी चोळायला मोकळा. पोराला किती दुखलं, हे त्याला कुणी विचारलं नाही. पोरांनी सांगितलं असतं, पण त्यांच्या तोंडात जंबूर असायचा.

आणि त्या दोन-तीन वर्षांत धंदा असा चालला की विचारू नका. तिकडं अमेरिकेत लोक आपसात लढायला लागले, तिथला कापूस अडला, आणि इकडं वऱ्हाडात काळ्या मातीतून चांदी निघायला लागली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. शेतकरी गाडी रिकामी करून परत निघाला की पोरांसाठी जिलबी घ्यायचा, बत्तासे घ्यायचा, रेवड्या घ्यायचा. ज्या घरात गुळाचा खडा सणाला फुटायचा, तिथली पोरं सकाळी उठून साखर चाटायला लागली. मग व्हायचं तेच झालं. बाळापूरपासून चांदूर बाजारापर्यंत पोरांच्या दाढा काळ्या पडल्या, आणि फिरून फिरून कापसाच्या बाजाराच्या तोंडाशी त्या कडुलिंबाखाली आल्या, जिथं सूर्यभानची हजामतीची धोकटी टांगलेली असायची.

सूर्यभानला यात काही वाईट वाटत नव्हतं. पोरं रडतात. पोरांचं कामच ते.

मग त्याच्या स्वतःच्या पोरीचा गाल सुजला.

मनकर्णा आठ वर्षांची. बापाला रोज दुपारी लिंबाखाली भाकर आणून द्यायची आणि तिथंच बसून बाजार बघायची. दाढी करून खूश झालेली गिऱ्हाईकं तिच्या हातावर बत्तासा ठेवायची. सूर्यभान मनात फुलायचा, की पोट्टीवर सगळ्यायचा जीव हाय. सगळ्यांचा जीव शेवटी एका दाढेत जाऊन बसला.

तिनं आठ दिवस लपवलं. एका बाजूनं चावलं, मायच्या डब्यातली लवंग चोरून दाबली, रात्री पालथी झोपली. दुसऱ्या पोरांना तो जंबूर जन्मात एकदा दिसायचा, हिला रोज दिसत होता. नवव्या दिवशी सकाळी गोदाबाईनं पोरीचं तोंड धुवायला हात लावला आणि पोर किंचाळली. गाल लिंबाएवढा. डोळा निम्मा मिटलेला.

गोदाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली. तिवशाला सूर्यभानच्या मावसभावाची पोर गेल्या पावसाळ्यात अशीच सुजली होती. दाढ काढू, उद्या काढू म्हणता म्हणता सूज डोळ्यात चढली. चौथ्या दिवशी पोर गेली.

"अकोल्याले न्या तिले," गोदाबाई म्हणाली. "तथी रुळवाल्या सायबायचा डाक्तर हाय म्हने. कायतरी हुंगवते, पोट्टं झोपते, अन् दात निघून येते."

"गाडीनं तीन दिस लागतात अकोल्याले. तवरिक डोया जाईन तिचा."

"मंग तुमीच काढा. पन तुमी काढता तशी नोका काढू."

"मंग कशी काढू?"

"मले काय इचारता? न्हावी तुमी हाय का मी?"

सूर्यभान धोकटी उचलून लिंबाखाली आला. आल्या आल्या पार्वताबाई माळिणीनं त्याला हटकलं. ती समोरच वांगी-मेथी घेऊन बसायची, आणि बाजारात कुणाच्या घरी काय शिजलं हे तिला शिजायच्या आधी कळायचं.

"काहून सूर्यभान, तोंड उतरलं? लेकीची दाढ व्हय ना?"

"तुमाले कोनं सांगतलं, मावशी?"

"पोट्टी तीन दिसापासून अर्ध्याच तोंडानं बोलून राह्यली. मले दिसलं, तुले नाई दिसलं." तिनं टोपलीच्या कडेची चार पिवळी फुलं काढली. पाकळी नाही, काही नाही, नुसती गोल बोंडं. "अक्कलकारा हाय. माह्या वाफ्याच्या कडेनं लावला. चावला की तोंड झोपते. पोट्टीले देजो."

"झोपते म्हंजे?"

"चावून पाह्य ना बाप्पा. खात नाई तो तुले."

सूर्यभाननं एक बोंड तोंडात टाकलं. नेमके त्याच वेळी किसनराव दलाल येऊन समोर बसले. किसनराव म्हणजे बाजारातलं बडं प्रस्थ. त्यांच्याशिवाय बाजारात मोठा सौदा होत नसे, आणि ते हे दर दहा वाक्यांना सांगायचे. डोकं भादरून घ्यायला मान खाली घालून बसले.

आधी सूर्यभानच्या जिभेला मुंग्या आल्या. मग त्या मुंग्यांनी सगळं तोंड ताब्यात घेतलं. मग लाळ सुटली. पाटाचं पाणी सोडावं तशी. आणि मग ओठ कुठं संपतो नि हनुवटी कुठं सुरू होते ते कळेनासं झालं. त्यानं गिळायचा प्रयत्न केला. गिळायला तोंडच सापडेना. लाळेची एक लांब धार निघाली आणि थेट किसनरावांच्या टाळूवर पडली.

"पानी कोमट कसं काय रे आज?" किसनराव म्हणाले. आणि वर पाहिलं. "अबे! माह्या डोक्यावर थुकून राह्यला का तू?"

"आई... आई ई... आहे आं..." सूर्यभान म्हणाला. त्याला 'नाही जी, त्या बोंडानं झालं' म्हणायचं होतं.

पार्वताबाई वांग्यांवर पालथी पडून हसत होती. किसनराव अर्धं डोकं भादरलेलं घेऊन, उरलेल्या अर्ध्याला हात लावत, शिव्या देत निघून गेले. सूर्यभाननं वस्तऱ्याचं टोक हळूच आपल्या हिरडीला लावलं. टोचलं. पण दुखलं नाही. त्यानं आणखी दाबलं. रक्त आलं, तरी नाही. हात धुवून निघायला लागेपर्यंत मुंग्या उतरल्यासुद्धा. म्हणजे वेळ थोडा होता, पण होता.

तो उरलेली तीन बोंडं मुठीत धरून घरी पळाला. बापाची चाहूल लागताच मनकर्णा माळ्यावर चढली होती आणि शिडी वर ओढून घेतली होती.

"मने, खाली ये."

"नाई येत."

"मी फक्त पाह्यतो वं."

वरून फस् असा आवाज आला. सुजलेल्या गालानं हसलं की तसाच येतो. "सगळ्यायले असंच म्हनतं तू."

"तू माही लेक हाय. तुले काहून खोटं सांगीन?"

"परवा त्या चांदूरच्या पोट्ट्याले तू माहा राजा म्हनला. मंग त्याच्या पायावर दोघं बसवले."

"बरं, देवाची आन घेतो."

"त्याच्या वक्ताले खंडोबाची घेतली होती. खंडोबा काई बोल्ला नाई."

सूर्यभाननं मान खाली घातली. पोरीनं एकेक पोरगं ध्यानात ठेवलं होतं. त्यानं पोरांना जे जे सांगितलं होतं ते सगळं माळ्यावर जाऊन बसलं होतं, शिडी ओढून.

"मंग कशानं इस्वास बसंन तुहा?"

मग माळ्याच्या कडेला एक उघडा नि एक मिटलेला डोळा दिसला.

"रुमालाखाली सौदा कर."

आता हे समजायला तो बाजार माहीत हवा. तिथं कापसाचा भाव कुणी तोंडानं बोलत नसे. घेणारा नि विकणारा समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. बाहेरच्याला काय कळणार? घंटा. नियम दोनच. हातात हात आहे तोवर भोवतीच्या कुणी तोंड उघडायचं नाही. आणि हात सुटला की सौदा तुटला. मग घेणारा केवढा का शेठ असेना, विकणाऱ्यानं आपणहून पुन्हा हात दिल्याशिवाय त्यानं त्या मालाला बोट लावायचं नाही. रुमालाखाली बेइमानी केलेला माणूस बाजारात पुन्हा उभा राहत नसे. मनकर्णानं हे सगळं भाकर आणता आणता पाठ केलं होतं.

"एक बोट दाबलं तं दुखून राह्यलं, पन चालू दे," ती वरून म्हणाली. "सारा पंजा आवयला तं थांबाचं, मी दम खाईन. अन् हात सोडला तं सौदा तुटला. जंबूर खाली."

"बरं."

"माह्या आंगावर कोनी बसाचं नाई."

"कोनीच नाई."

"अन् जंबूर आंधी तुह्या तोंडात. मी धरीन."

"माह्या तोंडात कायले?"

"मी फक्त पाह्यतो," ती म्हणाली.

गोदाबाई चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसली होती. ती हसत होती का रडत होती ते तिलाही माहीत नसावं.

"चाल, मंजूर. उतर खाली, अथीच करून टाकू."

"अथी नाई. बाजारात. घरचा सौदा कोन मानते? तू मंग म्हनशीन, पोट्टीचा खेय होता."

तिघंही बाजारात आली. लिंबाला टेकून सरकीची पोती रचलेली होती, त्यांच्या आडोशाला मनकर्णा बसली, डोकं मागं पोत्यावर टेकवलं. सूर्यभान समोर मांडी घालून. पार्वताबाई वांगी सोडून आली. आधी ठरल्याप्रमाणं मनकर्णानं जंबूर घेतला, बापाच्या तोंडात घातला, मागची एक दाढ पकडली आणि पिळला.

"आऽऽ!"

"दुखलं?"

"नाई."

तिनं आणखी पिळला. "दुखलं?"

"दुखलं, दुखलं!"

"मंग आंधीच खरं बोलाचं नं," ती म्हणाली आणि जंबूर परत दिला.

मग तिनं दोन बोंडं चावली, तिसरं पार्वताबाईनं ठेचून हिरडीला चोळलं. लाळ गळायला लागली. मनकर्णानं गाल चाचपला. "माय, माहा गाल कुठी गेला?" सूर्यभाननं खांद्यावरचा लाल रुमाल काढला, आपला डावा हात नि तिचा उजवा हात त्याखाली घेतला. उजव्या हातात जंबूर. असा एका हातानं दात त्यानं कधी काढला नव्हता. डावा हात नेहमी पोराचा जबडा दाबायला लागायचा.

आणि इथं बाजारानं घोळ घातला.

अर्ध्या डोक्याला फेटा गुंडाळून किसनराव तिकडं वजनाच्या काट्यापाशी उभे होते. त्यांना पोत्यांमागची पोर दिसेना. दिसला तो सूर्यभान, आणि त्याच्या हातावर पसरलेला, आतून हलणारा रुमाल. त्या वर्षी बाजाराला असं वेड लागलं होतं की कासार कापसात उतरला होता, भजनातला टाळवाला उतरला होता. न्हावी उतरला तर नवल काय? आणि आपल्याला न विचारता? किसनराव तरातरा निघाले. ते निघाले म्हणून त्यांच्यामागं दोन व्यापारी निघाले. व्यापारी निघाले म्हणून अडते, हमाल, गाडीवान. बघता बघता शंभर माणसांनी लिंब घेरला.

जवळ आल्यावर त्यांना पोरगी दिसली, तिचं आ केलेलं तोंड दिसलं, तोंडात जंबूर दिसला. पण रुमालाखाली हात हातात होता. त्यामुळं कुणी बोलेना.

"हा कोनता माल म्हनावा?" एकजण पुटपुटला.

"गुमान राह्य," किसनराव दबक्या आवाजात म्हणाले. "हात सुटला नाई अजून."

सूर्यभानच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच होत होतं. दात काढायचाय आणि आवाज नाही. 'धर रे, दाब रे' नाही. शंभर माणसांत लिंबावरची एक चिमणी तेवढी बोलत होती. त्यानं झटका दिला नाही. दाढ हळूच बाहेरच्या अंगाला लोटली, मग आतल्या. रुमालाखाली एक बोट दाबलं गेलं. म्हणजे दुखतंय, चालू दे. त्यानं जोर कमी केला. बोट सैल झालं. पुन्हा लोटली. पुन्हा बोट. मग अख्खा पंजा आवळला, आणि तो थांबला. मनकर्णानं चार श्वास घेतले, लाळ पुसली, पंजा सैल केला.

इतक्या वर्षांत इतकी पोरं झाली, पण दाढेच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय हे त्याला आज कळत होतं. त्याला चांदूरचा तो राजा आठवला. आठवायला नको होता.

दाढ हलायला लागली. हिरडीच्या कडेनं पिवळा पू आला. आता एक ओढ. अर्धी ओढ. जंबूर नीट बसला होता.

आणि रुमालाखालचा हात सुटला.

रुमाल मधोमध खाली बसला. सगळ्यांनी पाहिलं. गर्दीतून एक 'च्च' निघाला.

"ओढा!" गोदाबाई ओरडली. "ओढा नं आता, निघालीच हाय ते!"

सूर्यभानच्या कोपरानं ओढायला सुरुवातसुद्धा केली होती. कोपराला सवय होती. हात घसरला म्हणता आलं असतं. चुकून ओढली गेली म्हणता आलं असतं. दाढ निघाली असती, सूज उतरली असती, पोर जगली असती, आणि जगलेली पोर काय बापाला फाशी देते? उलट आता सोडली, फुलाचा असर उतरला, ती पुन्हा माळ्यावर चढली, तर संध्याकाळपर्यंत डोळा आणि मग तिवशासारखं. हे सगळं त्याच्या डोक्यात एका दमात येऊन गेलं. पोरीचा उघडा डोळा त्याच्याकडं बघत होता.

त्यानं जंबूर उघडला. दाढ सोडली. जंबूर मातीत ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"सौदा तुटला," तो म्हणाला.

"मारता काय पोरीले!" गोदाबाईनं कपाळावर हात मारला.

किसनरावांना मात्र राहवेना. तुटलेला सौदा डोळ्यांसमोर पडलेला पाहणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते पुढं आले आणि मांडी घालून बसले. "असा कसा तुटते? म्या हाय नं मधी. कोठी अडलं? पोरी, तू बोल. काय पाह्यजे तुले?"

मनकर्णानं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. ती मातीतल्या जंबुराकडं बघत होती. मग बापाच्या हातांकडं.

"लय दुखलं का वं?" सूर्यभाननं विचारलं.

तिनं मान हलवली. नाही. जीभ जड झाली होती, शब्द चेपत आले. "पाह्यत होती."

"काय?"

"ठेवतं का तू खाली."

एरवी सूर्यभाननं दोन शिव्या दिल्या असत्या. गोदाबाईनं दिल्या. मनकर्णानं रुमाल उचलला, झटकला, बापाचा डावा हात ओढून त्याखाली घेतला आणि घट्ट धरला.

"आता ओढ. जल्दी. गाल वापस येऊन राह्यला."

त्यानं जंबूर धुतला, लावला. एकदा बाहेर, एकदा आत, आणि वर. ती ओरडली. एकदाच, पण ओरडली. फुलानं नि रुमालानं सगळं दुखणं जात नाही, आणि जातं म्हणणारा माणूस न्हावीच असणार. तिची नखं त्याच्या तळहातात इतकी रुतली की चार ठिकाणी रक्त आलं. पण दाढ जंबुरात होती, काळी, मधोमध भोक पडलेली, आणि मागून पुवाची धार लागली. गोदाबाईनं पोरीला मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भरायला लावल्या, आणि मनकर्णानं त्या किसनरावांच्या जोड्यापासून वीतभर अंतरावर टाकल्या.

"अन् कापूस कुठी हाय?" किसनराव अजून शोधत होते.

पार्वताबाईनं त्यांच्या मुठीतला वानगीचा कापूस घेतला, गोळा केला आणि पोरीच्या दाढेच्या जागी दाबून बसवला.

"हा पाहा," ती म्हणाली. "गेला."

शंभर माणसं हसत पांगली. किसनराव उरलेलं अर्धं डोकं भादरून घ्यायला तिथंच बसले, पण सूर्यभानचे हात काही वस्तरा धरण्यासारखे नव्हते. त्यानं त्यांना दुसऱ्या न्हाव्याचं नाव सांगितलं. धंद्यात पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी मनकर्णाचा डोळा पूर्ण उघडला. चौथ्या दिवशी ती दोन्ही बाजूंनी बोलायला लागली, म्हणजे घरात पुन्हा कुणाला झोप नाही.

त्याच आठवड्यात बाळापूरकडचा एक शेतकरी, जानराव, आपल्या सहा वर्षांच्या पोराला बखोटीला धरून घेऊन आला. सोबत दोन भाऊ आणले होते, धरायला. सूर्यभाननं भावांना गप्पा हाणायला पलीकडं पाठवलं, पोराला अक्कलकाऱ्याचं बोंड दिलं, रुमाल पसरला, एक बोट, पंजा, हात सोडणं, सगळं समजावलं.

पोरानं ऐकून घेतलं. मग बापाला म्हणालं, "हा न्हावी खोटं बोलते. मले माहीत हाय. सगळे पोट्टे सांगतात."

जानरावानं हात उगारला. सूर्यभाननं तो वरच्यावर धरला.

"बरोबर बोल्ला तो," तो म्हणाला. "बोलतो मी खोटं. म्हून तं रुमाल हाय."

पोरानं विचार केला आणि हात रुमालाखाली घातला. जंबूर नुसता धोकटीतून निघाला तोच हात सोडला. सूर्यभाननं जंबूर खाली ठेवला. पोरानं पुन्हा हात घातला, पुन्हा सोडला. पुन्हा जंबूर खाली. जानराव कपाळ बडवत होता, भादरायला आलेली चार गिऱ्हाईकं मागं बसून न्हाव्याच्या सात पिढ्या काढत होती, आणि पार्वताबाई दुसरं बोंड घेऊन आली, कारण पहिल्याचा असर संपला होता.

तिसऱ्यांदा रुमालाखाली एक लहानसं, चिकट बोट आलं. आणि राहिलं.